मागं राहिलेल्या गावाचं आडनाव

मालवणच्या बाजारात अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमी खंयचे?" धुरीवाडा, मेढा, देऊळवाडा असं काही उत्तर दिलं की विचारणारा मान हलवतो आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "ता खरा, पण मूळचे खंयचे?" हा दुसरा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो. आमचं आडनाव लोटलीकर. लोटली हे गाव गोव्यातल्या साष्टी महालात, झुआरी नदीच्या काठाजवळ आहे. आमच्या आठवणीतल्या कुठल्याही पिढीनं तिथं चूल मांडलेली नाही, तिथं आमची जमीन नाही, भाऊबंद नाहीत. तरी शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर त्या गावाचं नाव रोज लिहिलं जातं. घरात शुभकार्य निघालं की नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं जायचं. त्यात मालवणच्या देवांच्या आधी आजोबा रामनाथाचं नाव घ्यायचे. रामनाथ लोटलीचा, पण तो राहतो फोंड्याजवळ बांदिवड्याला. गावाचं नाव घेतलेले आम्ही मालवणात, गाव साष्टीत आणि गावचा देव नदीपलीकडे अंत्रुजात! या तीन जागांचं कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. ते सोडवताना हाताला लागलं ते आडनावाच्या शेवटी असलेलं 'कर' हे छोटंसं शेपूट. त्याचाच हा मागोवा.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. लोटलीत राहणाऱ्याला लोटलीतलं कुणी लोटलीकर म्हणत नाही. सगळेच तिथले असताना कुणाला कुणापासून वेगळं करायचं? गोव्याच्या जुन्या गावव्यवस्थेत गावातल्या मूळ हक्कदाराला 'गांवकार' म्हणत. गावाची जमीन त्यांची सामायिक, तिचं उत्पन्न देवळाला, पाटबंधाऱ्यांना, वाटांना खर्च करून उरलेलं वाटून घ्यायचं, गावाचे निर्णय एकत्र बसून करायचे. ही रीत पोर्तुगीजांच्या फार आधीची. १५२६ साली अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्यानं तिचे नियम लिहून काढले तेव्हाही ती जुनीच होती. अशा गावात माणसाची ओळख शेणवी, प्रभू, कामत, नायक, पै अशा पदांनी किंवा कामांनी व्हायची. गाव सुटलं की गांवकारपण गळून पडतं आणि परक्या गावाची माणसं विचारतात, हा कुठला? तेव्हा कुठं तो लोटलीकर होतो. आडनावातला 'कर' घरी मिळत नाही, तो दुसऱ्यांच्या तोंडून मिळतो, आणि तोही निघून आल्यावरच. कोकणीत तो अजूनही लांब उच्चारला जातो, गोंयकार, म्हापशेकार. आपल्याकडे सिंधुदुर्गात येता येता तो आखूड झाला.

आता निघून येण्याची गोष्ट. १५१० साली पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून तिसवाडी घेतली, १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी हे दोन महाल त्यांच्या हाती आले. पहिली तीसेक वर्षं व्यापार आणि आरमार हाच कारभाराचा मुख्य विषय होता. १५४० नंतर वारं फिरलं. तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि त्यांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या. १५५९ साली वडील वारलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करण्याचा कायदा आला. माझ्या मते लोकांना उठवून लावणारा सगळ्यात मोठा धक्का हाच असणार. देऊळ पडलं तर माणूस मनातल्या मनात देव आठवू शकतो. पण आपण मेलो की आपलं पोर आपलं राहणार नाही, ही भीती घेऊन कुणाला झोप लागेल? १५६० साली व्हाइसरॉय कॉन्स्तान्तिनो द ब्रागांसानं ब्राह्मणांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मचौकशीचं, न्यायासन गोव्यात बसलं. ते मधली चार वर्षं वगळता १८१२ पर्यंत टिकलं. १५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगो रॉद्रिगिश यानं साष्टीतली देवळं जाळली. त्यांची संख्या २८० सांगितली जाते. बारदेशातही तीनशेच्या आसपास देवळं गेली.

हा इतिहास मराठी आणि इंग्रजी वाचकांसमोर आणणाऱ्यांत दोन नावं मोठी आहेत. अ. का. प्रियोळकरांचा गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा इंग्रजी ग्रंथ १९६१ साली आला. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दफ्तरखान्यात जन्म घालवून पोर्तुगीज आणि मराठ्यांचे कागद उजेडात आणले. प्रियोळ फोंडा महालात, पिसुर्ले सत्तरीत. गाव सुटल्याची गोष्ट ज्यांनी कागदांतून खणून काढली त्यांच्याही नावामागं गावं आहेत, हे मला दर वेळी त्यांचं पुस्तक हातात घेताना जाणवतं.

पळून जायचं तर कुठं? झुआरी ओलांडली की अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा. तो तेव्हा आदिलशाहीत होता. बारदेशातून कोलवाळची नदी ओलांडली की पेडणे, पूर्वेला डिचोली. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोलची खाडी आणि पलीकडं आरोंदा, शिरोडा, रेडी, वेंगुर्ले. नकाशावर ही अंतरं हास्यास्पद वाटावीत इतकी कमी आहेत. लोटलीहून बांदिवड्याला आज बोरीच्या पुलावरून मोटारीनं अर्धा तासही लागत नाही. पण मधे नदी होती आणि नदीपाशी व्हाइसरॉयचा हुकूम संपत होता. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली प्रियोळच्या हद्दीत आला. केळशीची शांतादुर्गा १५६६ मध्ये कवळ्याला आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, रायची कामाक्षी शिरोड्याला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आणि मग माशेलला. रात्री होडीतून, पालखीतून, डोक्यावरच्या टोपलीतून देव नेले असं घरोघरी सांगतात. पोचल्यावर कुणाच्या तरी गोठ्यात, झाडाखाली, झोपडीत बसवले. आज आपण तिथं जातो तेव्हा मोठा तलाव, दीपमाळ आणि झुंबरं दिसतात. ती सगळी दीडदोनशे वर्षांनंतरची आहेत.

इथं मला या शोधातली सर्वांत विलक्षण गोष्ट सापडली. गावाबाहेर पडलेल्या माणसांना 'कर' लागलं, तसं देवीलाही लागलं. फातर्प्याच्या देवीचं पूर्ण नाव शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. डिचोली महालातल्या नानोड्याची देवी शांतादुर्गा कळंगुटकरीण. माशेलची शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण. कुंकळ्ळी, कळंगुट, कुंभारजुवें ही तिन्ही त्यांनी सोडलेली गावं. आपल्या गावात ती नुसती शांतादुर्गा असणार, सांतेरी असणार, तिला वेगळं ओळखायची गरजच नव्हती. परक्या गावात आली तेव्हा तिथं आधीच एखादी सांतेरी, एखादी शांतादुर्गा होती. मग लोक म्हणाले, ही कळंगुटची, ही कुंकळ्ळीची. सासरी आलेल्या सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारावी तसं. देवीला निर्वासिताचं आडनाव लागलेलं दुसरं कुठलं उदाहरण मला माहीत नाही.

कुंकळ्ळीची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. जुलै १५८३ मध्ये त्या गावात रुदोल्फ आक्वाव्हिवासह पाच जेझुइट पाद्री मारले गेले. गावकऱ्यांच्या देवळांची नासधूस आधीच झाली होती आणि तिथं क्रूस उभारायला हे लोक आले होते. पुढं गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथंच त्यांना मारलं. देवी फातर्प्याला गेली. पण फाल्गुनात एकदा ती पालखीतून कुंकळ्ळीला परत येते. गावाच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या तिच्यासोबत नाचत निघतात आणि रस्ताभर गुलाल उधळला जातो. माहेरपण म्हणावं असा हा दिवस आहे. चारशे वर्षांहून अधिक काळ देवी कुंकळ्ळीकरीण आहे, आणि एक दिवस तिला 'करीण' म्हणायची गरज पडत नाही.

धर्मासाठी हद्द ओलांडणं हे एकट्या गोव्याचं नाही. अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथनं स्थापलेल्या मॉर्मन पंथाला मिसूरीतून पळावं लागलं. तिथल्या गव्हर्नरनं १८३८ च्या ऑक्टोबरात काढलेल्या हुकमात या लोकांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर संपवा, अशी भाषा होती. तो हुकूम रद्द व्हायला १९७६ साल उजाडलं. इलिनॉयमध्ये मिसिसिपीकाठी त्यांनी नाऊवू नावाचं शहर वसवलं. जवळच्याच कार्थेज गावी १८४४ मध्ये जमावानं तुरुंगात घुसून स्मिथला ठार केलं. १८४६ च्या भर हिवाळ्यात ब्रिगहॅम यंगच्या मागं लोक गाड्या घेऊन पश्चिमेला निघाले आणि २४ जुलै १८४७ रोजी खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात उतरले. ती जमीन तेव्हा अमेरिकेत नव्हती, मेक्सिकोत होती. आमच्या लोकांनी झुआरी ओलांडली तशी त्यांनी हद्द ओलांडली. १८५६ मध्ये बैलगाड्या परवडत नव्हत्या म्हणून काही तुकड्या हातगाड्या ओढत निघाल्या. उशिरा निघालेल्या दोन तुकड्यांना बर्फानं गाठलं आणि दोनशेहून अधिक माणसं वाटेत मेली. १८६९ मध्ये रेल्वे येईपर्यंत सुमारे सत्तर हजार लोक या वाटेनं गेले, असा अंदाज आहे.

मला त्यांच्या गोष्टीत जास्त लक्ष द्यावंसं वाटतं ते नावांकडं. त्यांनी नव्या जमिनीला आपल्या ग्रंथांतली नावं दिली. मोआब, एफ्रेम, नेफाय, लीहाय, मँटाय ही यूटातली आजची गावं आहेत. गोड्या पाण्याच्या सरोवरातून खाऱ्या सरोवरात जाणारी नदी पाहून त्यांना गालील आणि मृत समुद्र आठवला आणि नदीचं नाव जॉर्डन पडलं. त्यांच्याकडं नाव जमिनीला बसलं, आमच्याकडं ते माणसाला बसलं. कारण आमची माणसं रिकाम्या मुलखात आली नव्हती. पेडण्याला, वेंगुर्ल्याला, मालवणला गावं होती, गावांना नावं होती, प्रत्येक गावात देवस्थान, गावरहाटी, मानकरी होते. नव्यानं येणाऱ्याला तिथं गाव वसवता येत नव्हतं, गावात जागा मागावी लागत होती. यूटाचं खोरंही खरं तर रिकामं नव्हतं, तिथं शोशोनी आणि यूट लोक राहत होते आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्यांची चराईची जमीन आणि पाणी गेलं. अंत्रुजातही गावडे, कुणबी आधीपासून होते. आलेल्यांच्या देवळांचे महाजन पुढं मोठे झाले, त्यांचे कागद राहिले. ज्यांच्या शेजारी ते येऊन बसले त्यांच्या आठवणी कुणी लिहून ठेवल्या नाहीत. पळून आलेल्याचा वंशज म्हणून हे सांगणं माझं काम आहे असं मला वाटतं.

आणखी एक साम्य आहे. ज्या राज्यापासून पळाले ते मागून येऊन पोचलं. मॉर्मन खोऱ्यात उतरल्यावर वर्षभरातच, १८४८ मध्ये, मेक्सिकोनं तो मुलूख अमेरिकेला दिला. फोंडा १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडं गेला, डिचोली, सत्तरी आणि पेडणे अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. पण तोवर काळ बदलला होता. या नव्या काबिजादींत हिंदूंच्या देवळांना आणि रितींना हात लावणार नाही असं वचन सरकारला द्यावं लागलं. दोनशे वर्षांनी नदी ओलांडून आलेल्या व्हाइसरॉयच्या राज्यात मंगेश, शांतादुर्गा, रामनाथ जिथल्या तिथं राहिले.

पण सिंधुदुर्गाचा या सगळ्यात वाटा काय? पेडणे आणि डिचोली हे महाल पुढं वाडीकर सावंत भोसल्यांच्या ताब्यात होते, म्हणजे कळंगुटकरणीला जी जमीन मिळाली ती पुढं सावंतवाडीच्या राज्यात गेली. धारगळची शांतादुर्गाही बारदेशातून आली असं तिचे भक्त सांगतात. शिवाजी महाराजांनी दिवाडीहून नार्व्याला आलेल्या सप्तकोटेश्वराचं देऊळ नोव्हेंबर १६६८ मध्ये नव्यानं उभारायला लावलं, त्याचा शिलालेख तिथं आहे. गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी महाराजांशी बिनसलेले लखम सावंत आणि काही देसाई पोर्तुगीजांच्या बारदेशात आसऱ्याला होते आणि महाराजांनी बारदेशावर स्वारी केली होती. म्हणजे आसरा शोधणारी पावलं दोन्ही बाजूंनी ही खाडी ओलांडत होती. धर्मासाठी येणारे या बाजूला, राजकारणासाठी जाणारे त्या बाजूला.

सगळ्यात मोठा वाटा मात्र वेंगुर्ले तालुक्यातल्या कोचऱ्याचा आहे. निवतीच्या किल्ल्याजवळचं हे गाव. तिथले नारोराम रेगे सातारला शाहू महाराजांच्या दरबारी मंत्री झाले. कवळ्याला शांतादुर्गा आली तेव्हापासून पावणेदोनशे वर्षं तिचं देऊळ साधं होतं. नारोराम मंत्र्यांनी शाहू महाराजांकडून मदत मिळवली आणि १७३८ च्या सुमारास आजचं देऊळ उभं राहिलं. पुढच्याच वर्षी कवळे गाव देवीला इनाम मिळालं. त्याच वर्षी रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या सांगण्यावरून पेशव्यांनी मंगेशाला गाव दिलं. पळून आलेल्या कुळांची मुलं लेखणी आणि हिशेबाच्या जोरावर पुणे, सातारा, ग्वाल्हेरपर्यंत गेली आणि मिळालेलं धन त्यांनी पहिल्यांदा नदीकाठी गोठ्यात बसवलेल्या देवाकडं वळवलं. कवळ्याच्या देवळात उभं राहून वर पाहिलं की मला कोचऱ्याची लाल माती आठवते. सिंधुदुर्गात राहून कवळ्याला जाणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहीत नाही, म्हणून इथं जरा जास्त थांबलो.

आता आडनावाकडं परत. जी कुळं दक्षिणेला गेली, कारवार, मंगळूर, कोचीनपर्यंत, त्यांनी पै, कामत, शेणै, प्रभू, नायक, भट ही जुनी पदंच आडनावं म्हणून ठेवली. उत्तरेला, आपल्या मुलखात आलेल्यांत गावाचं 'कर' जोरदार झालं. रायकर, वेर्णेकर ही दैवज्ञांची नावं मात्र कुमठ्यापर्यंत आढळतात, तेव्हा हा नियम काटेकोर नाही. माझं अनुमान असं की मराठी मुलखात गावावरून ओळख सांगायची चाल इतकी पक्की होती की नव्यानं आलेलेही तिच्यात बसले. पेशवाईच्या कागदांत हीच माणसं बरेचदा 'अमुक शेणवी' म्हणून दिसतात. 'कर' घट्ट बसलं ते पुढं, इंग्रजी शाळेच्या हजेरीपटावर, कोर्टाच्या कागदांत आणि मुंबईच्या गिरण्यांच्या मस्टरवर. जातीतल्या पोटभेदांनाही गावमहालांचीच नावं मिळाली. सारस्वतांत साष्टीकर, बारदेशकर, पेडणेकर, लोटलीकर, शेजारी कुडाळदेशकर. एकमेकांत बेटीव्यवहार करायला ही माणसं विसाव्या शतकापर्यंत कचरत होती. एका आगीतून निघालेल्या लोकांनी शेवटी कुठल्या महालातून निघालो यावर भिंती घातल्या, हे मला दुःखदायक वाटतं.

प्रत्येक 'कर' हा छळातून आलेला असतो असं मात्र समजू नये. दुष्काळ, लग्न, वतन, मासळीचा व्यापार, भाऊबंदकी, गाव सोडायला शंभर कारणं असतात. रेडकर रेडीचे, आजगावकर आजगावचे, ते तालुक्यातल्या तालुक्यात हलले असतील. शिरोडकर हे नाव घ्या. एक शिरोडे फोंडा महालात, जिथं रायची कामाक्षी आली. दुसरं शिरोडा वेंगुर्ले तालुक्यात, जिथली ग्रामदेवी माऊली. समोर शिरोडकर आला तर नुसत्या नावावरून काही कळत नाही, कुळदेव विचारावा लागतो. आपल्याकडं लग्न जुळवताना जुनी माणसं आडनावानंतर लगेच कुळदेव का विचारत, ते इथं उलगडतं. आडनाव खोटं बोलू शकतं, दुसऱ्या गावावरून पडू शकतं, बदलू शकतं. वर्षाचा नारळ कुठं जातो यात चूक सहसा होत नाही.

जे गेले नाहीत त्यांचं काय झालं? ते गावात राहिले, जमीन राहिली, गांवकारी राहिली, नाव मात्र गेलं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. डिसोझा, फर्नांडिस, परेरा, मिरांडा. लोटलीत राहून कुणी लोटलीकर होत नाही हे खरं, पण तिथला शेणवी किंवा कामत परेरा झाला की मागचा धागा कागदावरून तुटतो. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचं घर याच लोटलीत आहे. आमच्या कुळाचं आणि तिथल्या कुणाचं रक्ताचं नातं होतं का हे सांगणारा कागद नाही. गाव मात्र एकच.

राहिलेल्यांनाही शांतता मिळाली नाही. १६८४ साली लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम निघाला. १७३६ मध्ये इन्क्विझिशननं काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती घरांनी अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये, लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत, विडे वाटू नयेत इतपत बारकाईनं बंदी घातली होती. बंदी घालावी लागली याचा अर्थ दीडशे वर्षांनंतरही घराघरात हे चालू होतं. सतराव्या-अठराव्या शतकांत यातलीही बरीच माणसं उठली. कुणी इन्क्विझिशनच्या धाकानं, कुणी करांनी, कुणी लढायांनी आणि साथींनी. काही मंगळूरकडं गेली, काही तेरेखोल ओलांडून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणकडं आली. सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चभोवती, मालवणच्या किनाऱ्यावर आज जी ख्रिस्ती कुटुंबं आहेत त्यांच्या पूर्वजांतले अनेक असेच आले. २००५ साली सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. हे शेजारी आणि आम्ही एकाच नदीच्या पलीकडून आलो, त्यांना 'कर' लागलं नाही एवढाच फरक. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत तर आपलं जुनं कुळनाव, प्रभू, कामत, शेट, नायक, अजून सांगतात. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. त्या जुन्या छापील आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ते टिकलं हस्तलिखितांतून आणि १९०७ साली पुन्हा छापलं गेलं ते मंगळूरला. पळून गेलेल्यांच्या घरात मराठी ओव्या राहिल्या.

नाव उलटंही फिरतं. मंगेशाचं लिंग आलं आणि प्रियोळच्या त्या भागाचंच नाव मंगेशी झालं. रामनाथामुळं रामनाथी, नागेशामुळं नागेशी. गायक-नट दीनानाथ १९०० साली मंगेशीत जन्मले. घराण्याचं आडनाव दुसरं होतं. त्यांनी गावावरून मंगेशकर घेतलं. म्हणजे कुठ्ठाळीहून निघालेल्या देवानं एका गावाला नाव दिलं, त्या गावानं एका कुटुंबाला, आणि त्या कुटुंबाच्या आवाजावर ते नाव साऱ्या देशभर गेलं.

१८८६ साली पोर्तुगीज सरकारनं देवळांच्या महाजनीचे नियम केले आणि प्रत्येक देवस्थानाला आपल्या महाजनांची नोंद ठेवावी लागली. ज्या राज्याच्या हुकमानं ही माणसं पांगली त्याच राज्याच्या कायद्यानं ती एका यादीत आली. नोंद नसलेले बाहेरगावचे भक्त ते कुळावी. आम्ही कुळावी.

लोटलीला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. आदल्या दिवशी बांदिवड्याला रामनाथापुढं नारळ ठेवला होता. पुजाऱ्यानं आडनाव विचारलं आणि 'या' म्हणून आत घेतलं, दुसरा प्रश्न केला नाही. लोटलीत तसं नव्हतं. शेतं कापून झाली होती, चर्चसमोरचं मैदान रिकामं होतं. रस्त्याकडेच्या घराच्या बाल्कांवात एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ बसले होते. मी जुन्या देवळाची जागा विचारली. ते उठले, चपला घातल्या आणि काही न बोलता पुढं चालू लागले. वाटेत त्यांनी तळी दाखवली, बांध दाखवला, कुठल्या शेताला काय म्हणतात ते सांगितलं. मी त्यांना माझं आडनाव सांगितलं नाही. त्यांच्या गावात उभं राहून 'मी लोटलीकर' म्हणायला जीभ वळेना.

परत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमी खंयचे?" मी म्हटलं, मालवणचा. त्यांनी दाराकडं तोंड करून आत हाक दिली, "अगो, पाणी हाड, मालवणकार आयल्यात."